पालेभाज्यांस काडीकचऱ्याचें खत : केव्हां लाभतें व केव्हां बाधतें

शेणखत मिळत नाहीं ही तक्रार हल्लीं गांवोगांव ऐकूं येते, आणि ती खोटी नाहीं. बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे पडत चालले आहेत. जीं चार जनावरें उरलीं त्यांच्या शेणाचाही कांहीं भाग गोवऱ्यांच्या रूपानें चुलींत जातो. परंतु तक्रार करणाऱ्या त्याच शेतकऱ्याच्या बांधावर पहावें, तर उंसाचें पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, गव्हाचें काड, भाजीचे देठ, झाडांचा पालापाचोळा यांचे ढीगच्या ढीग पडलेले असतात, आणि पुढील पेरणीस अडचण नको म्हणून त्यांस सर्रास काडी लावली जाते.

या कचऱ्याचें खत करावें हा उपदेश जुना आहे व तो बहुतेकांनीं ऐकलेला आहे. मात्र तें कोणत्या पिकास कोणत्या अवस्थेंत द्यावें, याविषयीं फारसें कोणी सांगत नाहीं. ऊंस किंवा केळी यांस जें खत चालतें तें मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चुका, चाकवत, तांदुळजा यांस चालेलच असें नाहीं. या एका गोष्टीच्या अज्ञानानें पालेभाजीचा मळा करणारांस नुकसान सोसावें लागतें, व दोष बियाण्यावर किंवा पाण्यावर ढकलला जातो. प्रस्तुत लेखकानें असें नुकसान स्वतः सोसलें आहे, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

पालेभाजीचा संसार थोड्या दिवसांचा. मेथी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत उपटावयास येते. तांदुळजासही तितकेच दिवस पुरतात. कोथिंबिरीस ३५ ते ४५ दिवस लागतात. पालकाची पहिली कापणी महिन्या-सव्वा महिन्यांत होते व पुढें पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानें तो पुन्हां कापावयास येतो. उलट ऊंस वर्ष-दीड वर्ष शेतांत उभा असतो. त्याला घातलेलें खत आज कुजलें नाहीं तर दोन महिन्यांनीं कुजेल, आणि तोंपर्यंत ऊंस वाट पाहूं शकतो. मेथीस वाट पाहतां येत नाहीं. शिवाय या पिकांत आपण विकतों तें पानच, आणि पानाची वाढ व त्याचा हिरवेपणा मुख्यत्वें नत्रावर अवलंबून असतो. एवढ्या अल्प मुदतींत मुळेंही फार खोल जात नाहींत. वरच्या वीतभर मातींत जें तयार अन्न असेल तेवढ्यावरच पिकास भागवावें लागतें.

महसूल खात्यांतील कारकुनींतून निवृत्त झाल्यावर पुरंदर तालुक्यांतील विहिरीखालच्या बारा गुंठ्यांत मी पालेभाजी करूं लागलों. जवळच्या लांकडाच्या वखारींतून भुसा फुकट मिळत होता. फुकट मिळालेला माल पदरीं पडला कीं मनुष्यास विचार करण्याची गरज वाटत नाहीं, तसेंच माझें झालें. चार वाफ्यांत तो भुसा दोन बोटें जाडीचा पसरून कुदळीनें मातींत मिसळला व वर पालक पेरला. उगवण उत्तम झाली. दोन-तीन पानें फुटेपर्यंत पीक ठीक दिसलें. मग वाढ खुंटली, पानें फिकट झालीं व खालचीं तर पिवळीं धमक पडलीं. पाणी कमी पडलें असेल असें समजून पाण्याच्या पाळ्या वाढविल्या, पण गुण आला नाहीं. पांचव्या वाफ्यापर्यंत भुसा पुरला नव्हता, म्हणून तो तसाच कोरा पेरला होता. तेथील पालक मात्र हिरवागार! म्हणजे ज्या वाफ्यास खत घातलें त्यापेक्षां ज्यास कांहींच घातलें नाहीं तो सरस ठरला. "भाऊसाहेब, दप्तरांतली शेती निराळी आणि वाफ्यांतली निराळी," असें शेजारी म्हणाले, तें मुकाट्यानें ऐकून घेतलें.

याचें कारण पुढें वाचनानें उमगलें, तें असें. भुसा, काड, पाचट यांसारखा पदार्थ मातींत पडला कीं तो कुजविण्याचें काम डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु करूं लागतात. त्यांचें मुख्य खाद्य कर्ब होय. परंतु स्वतःचें शरीर बांधावयास त्यांस नत्रही लागतें. स्थूलमानानें २५ ते ३० भाग कर्बामागें १ भाग नत्र असेल तर त्यांचा व्यवहार सुरळीत चालतो. लांकडाच्या भुशांत १ भाग नत्रामागें कर्ब ४०० भागांच्या आसपास असतो. इतका कर्ब पचवावयाचा तर नत्र आणावें कोठून? तें जंतु मातींतून उचलतात. मातीच्या खात्यावर जें थोडें विरघळलेलें नत्र शिल्लक असतें तें पिकाच्या आधींच काढून घेतलें जातें व पीक उपाशी राहतें. हें नत्र कायमचें नाहींसें होत नाहीं. ती उसनवारी आहे. कर्ब संपत आला व जंतु मरूं लागले कीं तें पुन्हां मातींत जमा होतें. माझ्या त्याच वाफ्यांत दुसऱ्या वर्षीं पालक चांगला आला. परंतु ज्या पालकाच्या वाट्याचें नत्र उसनें घेतलें गेलें, तो तोंवर गुरांच्या दावणींत जाऊन संपला होता. वर्षभराच्या मुदतीचें कर्ज तीस दिवसांच्या पिकाकडून उचलणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय.

तेव्हां पालेभाजीपुरता नियम एवढाच कीं, कुजण्याचें काम ढिगांत पुरें व्हावें, तें वाफ्यावर सोंपवूं नये.

ढीग रचावयाचा तर कोणत्या जिनसांत कर्ब-नत्राचें प्रमाण कसें असतें याची अटकळ असावी. गव्हाच्या काडांत एका भाग नत्रामागें कर्ब सुमारें ८० भाग, उंसाच्या पाचटांत शंभर किंवा त्याहून अधिक. ताज्या शेणांत हें प्रमाण २० ते २५ असतें. कोवळा हिरवा पाला, गिरिपुष्पाच्या डहाळ्या, भाजीचा ओला कचरा यांत तें २० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतें; भुईमुगाच्या पेंडींत तर अवघें ७-८. जागा व जाती यांप्रमाणें हे आंकडे थोडेफार बदलतात, पण कल त्यांवरून कळतो. जें वाळलेलें व तपकिरी तें कर्बाचें, जें ओलें व हिरवें तें नत्राचें. शेण रंगानें कसेंही असो, त्याची गणना हिरव्यांत करावी. तीन पाट्या वाळलेल्या कचऱ्यास एक पाटी हिरवा पाला व शेण मिळून घ्यावें, म्हणजे मेळ बरोबर बसतो. ओल्याचें प्रमाण फार झालें तर ढिगांतून नाकास झोंबणारा उग्र वास येतो. तो वास म्हणजे हवेंत उडून चाललेलें आपलें नत्रच होय. अशा वेळीं मूठभर माती व पाटीभर कोरडें काड मिसळून तो थांबवावा. लांकडाचा भुसा टाळलेलाच बरा. घालावयाचाच तर आधीं गोठ्यांत गुरांखालीं अंथरून मूत पिऊं द्यावा.

ढिगाची शास्त्रशुद्ध पद्धत आपल्या जवळच, इंदूर येथें बसविली गेली. तेथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री या संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं कित्येक वर्षें प्रयोग करून १९३१ सालीं ती इंग्रजी ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. चीनमधील शेतकरी शतकानुशतकें काडीकचरा, शेण व माती यांचें खत करीत आले होते. त्यांची हकीकत किंग नांवाच्या अमेरिकन प्राध्यापकांनीं १९११ सालच्या पुस्तकांत दिली होती, तिचा हॉवर्ड यांच्या विचारांवर मोठा परिणाम झाला. म्हणजे पद्धतीचें मूळ शेतकऱ्याच्याच हातचें. संशोधकांनीं तिला मोजमाप दिलें.

इंदूरच्या पद्धतींतील मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्यांतील काटकसर. पऱ्हाट्या व तुराट्या कठीण, त्या लवकर कुजत नाहींत. तेथें त्या शेतांतील रस्त्यावर पसरून ठेवीत, व येतांजातां गाड्यांच्या चाकांखालीं त्या आपोआप चिरडल्या जात. वाळलेला कचरा प्रथम बैलांखालीं अंथरीत, म्हणजे तो तुडवला जाऊन मूत व शेण यांनीं भिजे. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवून मूत मुरलेली ती माती खणून ढिगांत घालीत. आपल्याकडे गोठ्यास फरशी झाली, मोरी झाली, आणि मूत ओढ्यास गेलें. शेण आपण जपतों; परंतु जनावरानें खाल्लेल्या चाऱ्यांतील जें नत्र बाहेर पडतें त्यांतील सुमारें अर्धें किंवा त्याहून अधिक मुतांतून जातें, हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें. माझ्या दोन गाईंखालीं मी चार बोटें कोरडी माती पसरतों, व ती दर आठ-दहा दिवसांनीं खरवडून ढिगांत टाकतों. या एका सवयीनें माझ्या खताचा कस जितका वाढला तितका दुसऱ्या कशानें वाढला नाहीं.

ढीग रचतांना खालीं जाड काटक्यांचा थर द्यावा, म्हणजे हवा खेळते. त्यावर वीतभर वाळलेला कचरा, त्यावर हिरवा पाला, मग शेणकाला शिंपडून मूतमाती भुरभुरावी. राख घालावयाची तर अगदीं थोडी, कारण राखेच्या खारटपणानें शेणांतील नत्र उडून जातें. याप्रमाणें थरावर थर देत तीन-चार फूट उंची करावी. उन्हाळ्यांत दोन-अडीच फूट खोल खड्ड्यांत काम सोपें जातें, कारण ओल टिकते. पावसाळ्यांत मात्र खड्डा पाण्यानें भरून सर्व माल सडतो, म्हणून ढीग जमिनीवरच, उंचवट्यावर रचावा. ओलावा किती असावा, तर मूठभर माल दाबला असतां बोटांस ओल लागावी पण पाणी ठिबकूं नये.

पहिल्या आठवड्यांतच ढीग आंतून तापतो. उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते व मग उतरूं लागते. पंधरवड्यानें सर्व ढीग उलटावा, बाहेरचा माल आंत व आंतला बाहेर घालून पाणी शिंपावें, म्हणजे हवा मिळून तो पुन्हां तापतो. दुसरी उलटणी महिन्यानें, तिसरी दोन महिन्यांनीं, आणि तीन महिन्यांनीं खत तयार, असा इंदूरचा क्रम होता. इतकी मजुरी परवडत नसेल त्यांस दुसरे मार्ग आहेत. बंगलोर येथें आचार्य यांनीं १९३९ च्या सुमारास बसविलेल्या पद्धतींत खड्डा भरून चिखलानें लिंपून टाकतात व उलटणी करीत नाहींत. नत्र कमी उडतें, पण सहा-आठ महिने लागतात. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांस सर्व नाडेपकाका म्हणत, त्यांनीं जाळीदार विटांचें टांकें काढलें. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा त्या टांक्यांत शंभर किलोच्या आंत शेण लागतें, व उलटणीशिवाय तीन-चार महिन्यांत सुमारें तीन टन खत मिळतें. ज्यांच्या घरीं शेण थोडें व मनुष्यबळही थोडें त्यांनीं टांकेंच बांधावें. मीं स्वतः पालेभाजीसाठीं उलटणीचा ढीग धरिला आहे. कारण पुढें येईल.

खत तयार झालें हें दिनदर्शिकेवरून ठरवूं नये. लोखंडी पहार ढिगाच्या पोटांत खुपसून दहा मिनिटांनीं काढावी. ती हातास गरम लागली तर आंत काम चालू आहे असें समजावें. तयार खताचा रंग काळसर तपकिरी असतो, मूळ काडी ओळखूं येत नाहीं, आणि पहिल्या पावसानंतर रानांत येतो तसा मातीचा वास येतो. याहून पक्की परीक्षा हवी असेल तर दोन करवंट्या घ्याव्यात. एकींत नुसती माती, दुसरींत अर्धी माती व अर्धें खत भरून प्रत्येकींत मेथीचे वीस दाणे पेरावे. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. आठव्या दिवशीं खताच्या करवंटींत रोपें कमी किंवा पिवळट दिसलीं तर खत अजून कच्चें आहे. आणखी महिनाभर थांबावें. दहा रुपयांचेंही बी लागत नाहीं, आणि सबंध वाफा वांचतो. कच्च्या खताबरोबर हुमणीच्या अळ्याही शेतांत जातात, त्या निराळ्याच.

आतां प्रमाण. साधारण चांगल्या शेणखतांत अथवा कंपोस्टांत शेंकडा अर्धा भाग नत्र धरावें. गुंठ्यास २५० किलो, म्हणजे एकरीं १० टन खत घातलें, तर सव्वा किलो नत्र जमेस पडलें. परंतु पहिल्या हंगामांत त्यांतील चौथा ते तिसरा हिस्साच पिकाच्या हातीं येतो. म्हणजे तीनशें-चारशें ग्रॅम. उरलेलें पुढील हंगामांत हळूहळू मिळतें. म्हणून ज्या मळ्यास वर्षानुवर्षें खत पडत आलें आहे त्याची मागील शिल्लक मोठी असते, आणि नव्यानें आरंभ करणाराची पहिलीं दोन-तीन वर्षें ओढग्रस्तीचीं जातात. मेथीस एवढें खत पुरतें, कारण ती शेंगवर्गांतील असून तिच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र बांधतात. पालक मात्र पुनः पुन्हां कापला जातो, त्यास जोड द्यावी लागते. ही जोड पेंडीची उत्तम. भुईमुगाच्या पेंडींत शेंकडा ७ च्या आसपास नत्र असतें; परंतु ती गुरांनीं खावी व शेणामुताच्या वाटेनें मळ्यास मिळावी, हेंच शहाणपणाचें. एरंडी, करंज व निंब यांच्या पेंडींत शेंकडा ४ ते ५ नत्र असून ती गुरांस घालीत नाहींत, म्हणून खतास तीच घ्यावी. गुंठ्यास ६ ते ८ किलो पुरे. ती पेरणीच्या दहा-बारा दिवस आधीं मातींत मिसळून पाणी द्यावें. बियाबरोबर घातली तर उगवणीस बाध येतो. एरंडीची पेंड विषारी आहे. तिच्या वासानें कुत्रीं वाफा उकरून ती खातात व मरतात, हें ध्यानांत ठेवून ती मातीखालीं नीट झांकावी व पोतें उघडें टाकूं नये.

अधिक खत म्हणजे अधिक पीक हा समजही पालेभाजींत फार दूर नेऊं नये. नत्र अतिशय झालें कीं पान लुसलुशीत व थुलथुलीत होतें, त्यावर मावा लवकर पडतो, आणि गुलटेकडीच्या बाजारांत शेंकड्यानें मोजून घेणारा व्यापारी अशी जुडी हातांत धरतांच ओळखतो, कारण ती रात्रीच्या वाहतुकींतच मान टाकते.

मीं उलटणीचा ढीग कां धरिला तें आतां सांगतों. कोथिंबीर आपण कच्चीच खातों. मेथीचीं व मुळ्याचीं कोवळीं पानेंही पुष्कळ घरीं कच्चीं खातात. ताज्या शेणांत पोटाचे विकार उत्पन्न करणारे जंतु असूं शकतात, आणि जमिनीलगत वाढणाऱ्या पानावर शेणकाल्याचा शिंतोडा उडाला तर तो धुण्यानें पूर्णपणें जाईल याची खात्री नसते. अमेरिकेंतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीस लागतो त्यास कच्चें शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. तीस दिवसांच्या मेथीस हें अंतर पाळणें शक्यच नाहीं. अर्थात् कच्चें शेण तिला वर्ज्यच ठरतें. त्याच नियमांत उघड्या ढिगाची उष्णता १५ दिवस ५५ अंशांवर रहावी व त्या मुदतींत तो पांच वेळां उलटावा असें सांगितलें आहे, म्हणजे कडेचा थंड मालही आंत जाऊन तापतो. इंदूरच्या तीन उलटण्यांच्या जागीं मी पहिल्या तीन आठवड्यांतच पांच करतों. कष्ट पडतात खरे, परंतु आपल्या जुडीबरोबर दुसऱ्याच्या घरीं दुखणें जाऊं नये.

सोनखताविषयीं एक जिज्ञासू वाचक विचारतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुणें शहराचा मैला राखेंत मिसळून केलेलें सोनखत भोंवतालच्या उंसाच्या मळ्यांस विकलें जाई, व त्याची ख्याती मोठी होती. ज्या माणसांच्या डोक्यावरून तें वाहिलें गेलें त्यांच्या हालांची किंमत मात्र त्या भावांत कोणी धरली नव्हती. ती प्रथा १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं बंद केली आहे. खत म्हणूनही तें उंसास ठीक, पालेभाजीस नव्हे, कारण जंतांचीं अंडीं मातींत महिनोन्महिने जिवंत राहूं शकतात.

शहरांतील कचऱ्याचें कंपोस्ट हल्लीं पोत्यांतून मिळतें. ओला व सुका कचरा घरींच वेगळा केलेला असेल तर तें चांगलें असतें. नसेल तर त्यांत कांच, प्लॅस्टिकचे तुकडे व विजेच्या घटांतील विषारी धातु येतात. पालेभाज्या हे धातु, विशेषतः कॅडमियम, दाण्याच्या पिकांपेक्षां अधिक शोषून पानांत साठवितात, आणि एकदां मातींत गेलेला धातु कुजून नाहींसा होत नाहीं. खत नियंत्रण आदेश, १९८५ यांत अशा कंपोस्टासाठीं किलोमागें शिसें १०० मिलिग्रॅम व कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातलेली आहे. पोत्यावर पृथक्करण छापलेलें आहे काय तें पहावें, आणि मूठभर खत पांढऱ्या कापडावर पसरून त्यांत चकाकणारें कांहीं दिसतें काय हेंही पहावें. मीं एकदां दहा पोतीं आणलीं होतीं. पहिल्याच पोत्यांत औषधाच्या गोळ्यांचीं चंदेरी पाकिटें निघालीं. तें सर्व खत बांधावरच्या सागांस घातलें.